उभे राहिलेले सभागृह

“काका, हेडफोन तुमच्या कानांवर होते. तुम्हाला ऐकू आलंच असणार,” ती म्हणाली.

वृद्ध ध्वनिसंयोजकांनी दुरुस्तीसाठी उघडलेला स्पीकर सावकाश मेजावर ठेवला. चार वर्षांनंतर ती त्यांच्या दारी आली होती.

“यांना विचारतेस होय?” आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला. “घरातलं एक अक्षर ऐकू येत नाही यांना. बाहेरची कुजबुज मात्र चुकत नाही!”

ती हसली, पण ते हसू ओठांवरच विरले.

ती आणि तिचा मित्र, दोघे मिळून गात. दोन गिटार, दोन कंठ. स्वर इतके मृदू, की श्रोते खुर्चीत हलायलाही कचरत. त्या जोडीचा अखेरचा कार्यक्रम काकांनीच सांभाळला होता.

“एकच गाणं उरलं होतं आणि माझी तार तुटली, आठवतं? नवी तार चढवून जुळवायला मी आतल्या खोलीत दार लावून बसले. परत येते तो अख्खं सभागृह उभं! टाळी एक नाही. नुसते उभे, डोळे भरलेले.”

“आठवतं.”

“तीनशे माणसं, काका. माझ्या गाण्यासाठी. आणि दुसऱ्या सकाळी त्याचा निरोप आला, यापुढे एकत्र गायचं नाही. का, कशासाठी, काही नाही. फोन केले, दार ठोठावलं. उघडलंच नाही त्याने. पुढे आजारी पडला म्हणे. गेल्याचं कळलं तेसुद्धा परक्यांकडून.”

काका स्पीकरच्या फाटक्या पडद्यावरून बोट फिरवत राहिले.

“लोक माझ्यासाठी उठले, तेच त्याला खुपलं. दुसरं काय असणार?”

“तसा नव्हता गं तो.”

“मग कसा होता? मी आत असताना तो तुमच्याशी काय बोलला, तेवढं सांगा. गाण्यांच्या मध्ये बोलायचाच ना तुमच्याशी?”

बोलायचा. तशी पद्धतच होती. गाणे संपले की काका सभागृहाकडे जाणारा आवाज बंद करीत. मग गायकाने माइकशी पुटपुटलेले शब्द केवळ त्यांच्या हेडफोनमध्ये उमटत. गिटार जरा खाली घ्या, आवाज किंचित उचला, एवढेच ते संभाषण.

“अजून गातेस ना?” त्यांनी विचारले.

“त्या लोकांमुळे गाते. तो गेल्यावर सहा महिने गिटारीला हात लावला नव्हता. आजही मंचावर पाय लटपटले की डोळे मिटून तेच सभागृह समोर आणते. ते नसतं ना काका, तर मी केव्हाच संपले असते.”

काकांनी मेजावरचा एक स्क्रू उचलून डबीत टाकला.

“आवाज थोडा उचला, म्हणाला,” ते अखेर उद्गारले. “बाकी काही नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

“म्हणजे रागावूनच गेला.” ती उठली. जिन्यावर तिची पावले उतरत गेली.

पत्नी दारात येऊन उभी राहिली. “पोरगी रडत गेली की हो. सांगायचंत ना काय ते!”

“कोणत्या तोंडाने सांगू?” ते म्हणाले.

त्या संध्याकाळी, तार तुटल्याच्या गडबडीत, सभागृहाकडे जाणारा आवाज बंद करायला ते विसरले होते. ‘काका, शेवटच्या गाण्यात सांभाळून घ्या, श्वास पुरत नाही. डॉक्टरांनी चार महिने दिलेत. तिला ठाऊक नाही.’ केवळ त्यांच्यासाठी उच्चारलेले हे शब्द तीनशे जणांनी ऐकले. निःशब्द झालेल्या श्रोत्यांकडे पाहून त्याला चूक उमगली. त्याने हात जोडले, ‘तुम्हीही तिला सांगू नका’ म्हणून विनवले, आणि वचन देण्यासाठी एकेक करून सारे सभागृह उभे राहिले.