खैराची मूठ

मूठ पुन्हा हातातून घसरली. सळई जायची हौदात, ती सूं करत सुटली आणि थेट आईच्या वाळवणात घुसली. सांडगे गच्चीभर उडाले.

"मेल्या विष्णु!" आई जिन्यातूनच ओरडत वर आली. "किती वेळा सांगितलं, बंदूक नको म्हणून! लायसन नाही, काही नाही. गोऱ्या साहेबानं पाहिलं तर फासावर चढवील!"

"अगं, ही दारूगोळ्याची बंदूक नव्हे. सायकलच्या ट्यूबवर चालते. पाण्यात मासे मारायला..." विष्णुनं जीभ चावली. पण व्हायचं ते झालं होतं. आईच्या मागोमाग अण्णाही वर आले होते.

अण्णा म्हणजे रामघाटावरचे ढुंढिराजशास्त्री अग्निहोत्री. ज्या घरात लसूण शिरायला घाबरते, त्या घरात मासे मारायची बंदूक! विष्णुला वाटलं, आटोपलं. आता बंदूक गंगेत, आपण गल्लीत आणि कॉलेज बंद.

बंदूक गेली तर अब्रूही जाणार होती. कॉलेजात पोरं त्याला 'पंडितजी' म्हणत. येता-जाता शेंडी ओढत. एकदा वाचनालयातल्या विलायती मासिकात त्यानं अशा बंदुकीचं चित्र पाहिलं आणि त्याच्या मनानं घेतलं. मोडक्या छत्रीची दांडी, सायकलच्या ट्यूबा, सागवानी फळी, सगळं त्यानं जमवलं. रविवारी शिंदे घाटासमोर रोहू मारून दाखवतो, मग बघू कोण पंडितजी म्हणतो ते, असं भर वर्गात बोलूनही बसला होता. आणि ही मूठ! तीन वेळा केली, तिन्ही वेळा ओल्या हातातून निसटली.

अण्णांनी बंदूक उचलली. उलटसुलट करून पाहिली. चिमूटभर तपकीर ओढली.

"मूठ चुकली आहे," ते म्हणाले.

विष्णुला आपण ऐकतोय ते खरं वाटेना.

"माप कुठून घेतलंस?"

"मासिकातल्या चित्रावरून. पट्टीनं मोजून."

"पट्टी विलायतेची, चित्र साहेबाच्या हाताचं. तुझ्या मुठीत कसं राहील? आपल्याकडे होमाची पळी करतात, ती ज्याची त्याच्या बोटांनी मोजून. आणि तुपानं बरबटलेल्या हातातून जी सुटत नाही, ती मूठ पाण्यात काय सुटणार?"

"अहो, तुम्ही पण!" आईनं कपाळावर हात मारला. "मासे मारायला निघालाय तो!"

"वीस वर्षांचा घोडा झालाय. मी नको म्हटलं तर चोरून जाईल. निदान बोटं तरी शाबूत राहू देत."

अण्णांनी घाटावरून मूठभर गाळ आणवला, विष्णुच्या हातात दिला आणि म्हणाले, "दाब." बोटांचे ठसे उमटले. मग त्यांनी होमाची पात्रं करतात त्या खैराच्या लाकडाचा तुकडा काढला आणि तासायला बसले. अंगठ्याला खळगा, करंगळीला आधार, मध्ये तीन बोटांना तीन बाक. पुन्हा पुन्हा विष्णुचा हात धरून पाहत. मुंजीनंतर प्रथमच अण्णा इतका वेळ त्याचा हात धरून बसले होते. विष्णुला इतका आनंद झाला की रोहूचाही विसर पडला. शनिवारी दुपारी मूठ बंदुकीला बसली. ओल्या हातानं धरून त्यानं हौदात दहा वेळा नेम मारला. दहाही वेळा बरोबर. आईचे सांडगे सुखरूप राहिले.

रविवारी सकाळी नावेत सहा पोरं होती. सगळ्यांत पुढे दिनानाथ, शेंडी ओढणाऱ्यांचा मुकादम.

"गुरु, मछली न मिली तो चोटी हमारी," तो म्हणाला.

विष्णुनं श्वास भरला आणि बुडी मारली. चैत्रातलं पाणी नितळ होतं. दोन हातांवर एक रोहू आला, परातीएवढा, आणि जागच्या जागी पंख हलवत राहिला. विष्णुनं बंदूक रोखली. मूठ हातात अशी बसली की जणू जन्मापासून तिथेच होती. त्यानं चापावर बोट ठेवलं.

आणि कसं कोण जाणे, त्याचं तोंड उघडलं. मनगट आपोआप पुढे कलंडलं. सळई सुटली ती तळाच्या वाळूत. गंगा नाकातोंडात शिरली. रोहूनं शेपटी फिरवली आणि दिसेनासा झाला.

ठसकत, खोकत विष्णु वर आला. पोरांनी ओढून त्याला नावेत घेतलं.

"का हो पंडितजी," दिनानाथ पोट धरून हसत होता, "पानी के अंदर मुँह कौन खोलता है?"

तोंड का उघडलं ते विष्णुला कळलं होतं. सांगण्यासारखं नव्हतंच ते. शेंडी मात्र त्यानं पुढे केली, आणि दिनानाथनं ती मनसोक्त ओढली. मग कुणास ठाऊक का, विष्णुलाच हसू फुटलं. इतकं फुटलं की नाव डुलायला लागली.

रामघाटावर अण्णा संध्या आटोपून पायरीवर बसले होते. मुलाचे लाल डोळे आणि रिकामे हात त्यांनी पाहिले.

"मूठ सुटली का रे?"

"नाही अण्णा. मूठ अगदी बरोबर होती. पण ऐन वेळी माझ्या तोंडून..." विष्णु अडखळला.

"स्वाहा निघालं," अण्णा शांतपणे म्हणाले. "निघणारच. रोज सकाळी आहुती घालतोस ना, त्या पळीचीच मूठ मी तुला करून दिली होती."