दोऱ्यावरची गाठ

सुटे भाग जोडून केलेल्या, पायानं ढकलायच्या स्कूटरच्या फळीपासून दत्तारामनं दोरा वर ताणला आणि गाठ आली तिथं हँडलच्या पाइपाला करवत लावली. जहाजावरचा फिटर तो, सूतभर चूकही त्याला खपत नसे. घरून निघताना शलाकाला सरळ उभं करून त्यानं पावलापासून कमरेपर्यंत हा दोरा धरला होता आणि कमरेशी गाठ मारून ठेवली होती. "स्टंटच्या स्कूटरचं हँडल बरोबर कमरेला यायला हवं हं, बाबा," तिनं बजावलं होतं.

फळी सांतोसला मिळाली, चाकं बुसानला, हँडल डर्बनला. एकेक बंदर, एकेक भाग. खाली इंजिन घरघरत असायचं आणि त्याला दिसायची गावच्या जेटीवरून उडालेली शलाका. स्कूटर तिच्या पायांखाली गर्रकन फिरायची, ती अलगद उतरायची आणि सगळ्यांत आधी त्याच्याकडे बघायची.

कापलेला तुकडा त्यानं खुशीत समुद्रात भिरकावला.

घर सोडल्याला अठरा महिने झाले, तेव्हा कुठे त्यानं अंगणात स्कूटर उभी केली. शलाका धावत येऊन फळीवर चढली. हँडल तिच्या कमरेच्या चांगलं चार बोटं खाली राहिलं.

"माप चुकलं गं माझं," तो पुटपुटला.

"नाही चुकलं. मी वाढले."

तिनं त्याच्या खिशातून डोकावणारा दोरा ओढून घेतला, टोक पायाखाली दाबलं, कमरेच्या वर चार बोटं मोजली आणि नवी गाठ मारली.

"आता नवा पाइप आण आणि इथं काप, बाबा. पुढच्या खेपेला तू येशील, तेव्हा माझी कंबर इथं असेल."