गोजरबाईनं वाट अडवली

"ओठ का गं?" गोजरबाईनं विचारलं.

शेजारच्या पोरीनं मान हलवली. "व्हय मावशी, ओठच."

"जन्माचा?"

"जन्माचा."

"गिऱ्हानात कायतरी चिरलं असंल आईनं, दुसरं काय!" असा निकाल देऊन गोजरबाई मोकळी झाली.

कोल्हारच्या शाळेत मुंबईचे आणि विलायतेचे डॉक्टर फुकट ऑपरेशनं करायला आले होते. दुभंगलेले ओठ शिवायचे, भाजून आखडलेले हात सोडवायचे. गोजरबाई सोनईची. गुऱ्हाळावर काहिलीत हात भाजला तेव्हापासून तिची बोटं मुठीत मिटून बसली होती, ती परवा डॉक्टरांनी मोकळी केली. मग काय विचारता! बाई व्हरांड्यात पाटलिणीच्या थाटात वावरू लागली. नव्या माणसाला धीर देणं, रांग मोडणाऱ्याला झापणं, सगळं तिच्याकडं. कोणी नेमलं नव्हतं, पण हटकायची छातीही कोणाची नव्हती.

फिनेलचा असा भपकारा सुटला होता की निम्म्या बायका नाकातोंडाला पदर लावून बसल्या होत्या. ही पोरही तशीच. नाव चांगुणा. अकोले तालुक्याच्या डोंगरातून आधी जीप, मग एसटी, असा धुरळा खात बापाबरोबर आलेली. बाप भिमाजी पलीकडं बसला होता, उपरण्यात तोंड गुंडाळून, गप्प.

"लगीन ठरलंय का?"

"चैत्रात हाय."

"अगं बया! मग तर झालंच पायजे!"

तेवढ्यात हन्ना नर्स बाहेर आली. "साहेब उद्या सकाळी निघणार. आता एकाचंच होईल. अकोल्याहून आलेले, तयार राहा."

चांगुणाचे डोळे लखकन चमकले. भिमाजी मात्र उठला, पिशवी काखोटीला मारली आणि सरळ पायऱ्यांकडं निघाला.

"दादा!" चांगुणा मागं धावली. "असं नका करू. ऑपरेशन झाल्याबिगर मी बोहल्यावर चढायची न्हाई. सांगून ठेवते!"

भिमाजीनं नुसती मान झटकली. पोरीचा आवाज रडवेला झाला, आणि गोजरबाईचं टाळकं फिरलं. ती ताडकन उठून त्याच्यापुढं आडवी उभी राहिली.

"कुठं निगाला, पाव्हणं? काळीज हाय का धोंडा? पोर जीव तोडून सांगती, तिचं लगीन मोडायचं हाय का तुमाला? मी बी लई भ्याले हुते. ह्ये बगा!" तिनं पट्टीतून डोकावणारी बोटं त्याच्या नाकासमोर हलवली. "आता भाकरी थापनार मी, भाकरी! सुई टोचली तेवढंच कळलं. अवो, लक्ष्मी टिळा लावायला आल्यावर तोंड धुवायला जाऊ न्हाई मानसानं!"

रांगेतले लोक हसले. कोणीतरी म्हणालं, "बाईचं ऐका, न्हायतर ती सोडायची न्हाई."

भिमाजी थांबला. त्यानं लेकीकडं पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली.

व्हरांडाभर आनंद झाला. हन्नानं दार उघडून धरलं. गोजरबाईला तर भरून आलं, घरचंच कार्य असल्यागत. चांगल्या हातानं तिनं चांगुणाची पाठ थोपटली आणि तिला दाराकडं ढकललं. "जा माझी बाय. भिऊ नगं. चैत्रात चंद्रावानी दिसशील बग!"

चांगुणा खुदकन हसली. हसताना पदर सुटला, आणि गोजरबाई बघतच राहिली. ओठ कसा, नुसता डाळिंबाचा दाणा!

"मी कुठं, मावशी?" असं म्हणत ती वळली आणि तिनं हलक्या हातानं बापाच्या तोंडावरचं उपरणं सोडलं. वरचा ओठ पार नाकपुडीपर्यंत दुभंगलेला होता.

"चला दादा. ताईच्या लग्नात गोठ्यात लपून बसलात. माजं कन्यादान तुमीच करायचं, उघड्या तोंडानं, भर मांडवात."