दिसेल असं साधन

गाडी दिसली तसा मजुरांचा अड्डा पांगला. दाणे टिपणाऱ्या चिमण्यांत खडा पडावा तसा. गारखेड्याच्या त्या चौकात जागचा हलला नाही तो एकटा कडूबा गवंडी. सुदर्शनशेठनं काल बजावलं होतं, "सकाळी आठला इथंच थांबा, मिस्त्री. हत्यारं घेऊन या. प्लास्टरचं काम आहे, महिनाभर पुरंल. राहायचंही साइटवरच."

महिनाभर डोक्यावर छप्पर. एवढं ऐकल्यावर माणूस गाडीला भितो होय?

मागची साइट संपल्यापासून तो चौकातल्या बंद दुकानाच्या शटरपुढं निजत होता. गवंड्याची रीतच ती. घर अर्धं असेतो गवंड्याचं; दाराला कडी बसली की गवंडी कडीच्या बाहेर.

गाडीतून पथकाचे साहेब उतरले. भिकारी आणि बिनपत्त्याची माणसं धरायचं पथक. साहेबांच्या तोंडाला मास्क, काखेत पॅड, आणि बुटाला धूळ लागू नये म्हणून चालणं असं, की शेणातनं बगळा निघालाय.

"नाव?"

"कडूबा धोंडिबा."

"राहतोस कुठं?"

"गाव पाचोड."

"गाव नाही विचारलं. इथं कुठं?"

कडूबानं शटरकडं बोट केलं. साहेबांनी बोटाकडं पाहिलं, शटरकडं नाही. मग कडू गोळी जिभेवर धरल्यासारखं कागदावरचं वाचलं, "उदरनिर्वाहाचं दिसेल असं साधन नाही."

"हाय की," कडूबा म्हणाला. "हत्यारं हायत मह्याकडं." आणि त्यानं पिशवीत हात घातला.

साहेब दोन पावलं मागं सरले. फुटपाथच्या कडेला टाच अडखळली, मास्क हनुवटीवर आला. "ए! हात वर कर! शिपाई, पिशवी घ्या आधी!"

शिपायानं पिशवी उलटी केली. थापी पडली, प्लास्टर घोटायचा लाकडी रंधा पडला, मागून दोरी गुंडाळलेला ओळंबा पडला.

पांगलेल्यांतली केसरबाई पलीकडं घमेलं उपडं घालून बसली होती, ती पदराआड हसली. "अवं साहेब, गवंड्याची हत्यारं ती! तुमाला काय तलवार वाटली व्हय? वीट तरी उचलली का वो कधी जल्मात?"

"तू ओळखतेस याला?"

"वळखते म्हंजे? ह्याच्या हाताखाली तीन स्लॅबचा माल वाह्यलाय म्या. लई गुणाचा मिस्त्री हाय. लिवा माझं नाव."

"लिहितो. तुझा पत्ता सांग."

केसरबाईचं हसू पदराच्या आतच राहिलं. तिचं बोचकंही त्याच शटरला टेकलेलं होतं. घमेलं उचलून ती बाजूच्या गल्लीत शिरली. कडूबानं तिच्याकडं पाहिलं नाही. त्यानं पाहिलं असतं, तर साहेबांनीही पाहिलं असतं.

तेवढ्यात सुदर्शनशेठची मोटारसायकल येऊन थांबली.

"आले बघा मालक," कडूबा म्हणाला. आवाजात जरासा तोरा.

साहेबांनी पॅड पुढं केलं. "हा तुमच्याकडं कामाला आहे? मग इथं सही करा. तुमचं नाव, कामाची जागा. म्हणजे सोडतो याला."

सुदर्शननं सहीच्या जागेकडं पाहिलं. त्याच्या साइटवर सतरा माणसं होती आणि कागदावर एकही नव्हतं. एकाची नोंद झाली की सतराजणांची चौकशी आलीच. त्यानं पेन झटकलं, परत दिलं.

"नाही बुवा. मी नाही ओळखत यांना."

कडूबा त्याच्याकडं बघत राहिला. राग नव्हता, राग बरोबरीच्या माणसावर येतो. आंबलेलं कालवण हुंगून ताट सरकवावं, तशी त्यानं नजर काढून घेतली आणि कुणी ओढायच्या आत आपणच गाडीत चढून बसला.

साहेब लिहीत होते. "भीक मागताना आढळला."

"मागताना?" कडूबानं जाळीतून विचारलं. "काय मागितलं म्या? अन् कुणाला?"

"साधन नसताना असं उघड्यावर फिरणं म्हणजे भीकच. कायदा आहे."

"मंग ती थापी काय हाय?"

साहेबांचं पेन थांबलं. थापी उन्हात पडली होती, पातं वर करून. लिहावी तर साधन दिसलं असं होणार. न लिहावी तर ती समोर चकाकतेय. शिपाई आभाळाकडं बघायला लागला.

सुदर्शन अजून गेला नव्हता. एक पाय जमिनीला टेकवून तो घुटमळत होता. आता घसा खाकरून पुढं आला.

"साहेब, ती मिस्त्रीची पिशवी... इथंच टाकणार असाल तर मला द्या. आता दुसरा माणूस बघावा लागंल, त्याला कामाला येईल."

मिस्त्री हा शब्द साहेबांनी ऐकला आणि ऐकला नाही. त्यांच्या कपाळावरची आठी मात्र उलगडली. हत्यारं गेली की साधन गेलं, साधन गेलं की कागद खरा. त्यांनी बुटाच्या टोकानं रंधा सुदर्शनकडं ढकलला. सुदर्शन वाकला. रंधा घेतला, ओळंबा घेतला, आणि थापी शिपायाच्या पायाशी होती म्हणून त्यानं दोन्ही हात त्याच्यापुढं पसरले.

शिपायानं एकदा गाडीकडं पाहिलं.

"दे बाबा, दे त्याला," जाळीमागून कडूबा म्हणाला. "सकाळच्या पारी मागणाऱ्याला रिकाम्या हाती धाडू नये."