मारुतीसमोरचं वळण

तीन दिवसांच्या सायकल शर्यतीची शेवटची फेरी होती. प्रतापनगरच्या त्याच रस्त्यांवर चकरा मारून कोराडीची पिंकी गुणांत पुढे होती, माझी लेक वेदिका दुसरी. मारुतीसमोरच्या वळणावर पिंकीची सायकल सर्रकन घसरली. वेदिका जिंकली. मी हात जोडले. पिंकीचा खांदा निखळला होता. एका स्वयंसेवकानं रस्त्यावर बोट फिरवलं. "तेल आहे ना गा इथं!" आज शनिवार. पहाटे मारुतीला तेल वाहताना माझी वाटी कलंडली, ओघळ रस्त्यापर्यंत गेला. देवाला वाहिलेलं पुसायचं कसं, म्हणून तसाच राहू दिला. "आई, ये ना वं, फोटो काढून राहिले!" वेदिका पदक घालून बोलावत होती. मी पंचांकडे वळले. "तेल माझ्या हातून सांडलं." "मोठ्यानं बोला, काकू, ऐकू नाही येऊन राहिलं." मी मोठ्यानं बोलले. वेदिकेनंही ऐकलं.