मोजायची पाळी

"पहिल्यापेक्षा नऊ टक्के हळू," समिधा म्हणाली आणि तिने आकडा भिंतीवरच्या पडद्यावर टाकला.

मिरा रोडच्या त्या चौथ्या मजल्यावरच्या खोलीतले बाकीचे पाचही जण एकदम स्वरूपकडे बघायला लागले. स्वरूप म्हणजे टीममधला सगळ्यात जुना माणूस. प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर हा कंपनीचा माल; त्यातला सगळ्यात किचकट भाग त्याने चार महिने खपून नव्याने बांधून आणला होता. कंपनीच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत ही संख्या, हे नाव, ही तारीख असं लिहिणाऱ्याने सांगायचं नसतं. कंपायलरने ते वापरावरून आपलं आपणच ओळखायचं. ही ओळखायची अक्कल आजवर तीस फायलींत विखुरलेली होती. स्वरूपने ती एका जागी आणली. काम सुबक, नाव ठेवायला जागा नाही. आज ते मंजूर झालं की त्यावर कायमचं त्याचं नाव लागणार होतं, आणि पुढच्या महिन्यापासून अख्खी टीम त्याच्या हाताखाली जाणार होती.

पण कोडचा वेग तो लिहिणाऱ्यानेच मोजायचा नाही, ही तिथली रीत. वेग मोजायची पाळी आली नेमकी समिधावर. वर बसलेला कधी कधी असा जागा होतो.

कारण ते सुबक काम तिचं होतं! दोन वर्षांपूर्वी तिने हाच आराखडा कोडसकट टीमच्या प्रस्तावांत टाकला होता. स्वरूपने दुसऱ्याच दिवशी तो बंद केला. आणि आता महाराज तोच घेऊन उभे, फायलींची नावं तेवढी बदललेली. रविवारी घरी तिने हे पाहिलं तेव्हा दोन्ही कोड शेजारीशेजारी उघडून ताडून पाहिले. आई विचारत राहिली, काय झालं गं, आणि हिने लॅपटॉप मिटून टाकला. मग राग आला, आणि असा आला की तीन दिवस तिने कोणाकडे अवाक्षर काढलं नाही. बोलायचं तर सगळ्यांसमोर, हे तिने ठरवून टाकलं.

"नऊ टक्के खूप होतात, स्वरूप," अंबिका मॅडम म्हणाल्या. मॅडम कंपनीच्या प्रमुख, पण आल्या गेल्या वर्षी. मागचं त्यांना काही ठाऊक नव्हतं. "लोकांचा प्रोग्राम तयार व्हायला आधीच बारा मिनिटं लागतायत."

"मॅडम, स्वच्छ कोडची किंमत थोडी मोजावी लागतेच," स्वरूप हसत म्हणाला. "पुढची पाच वर्षं सगळ्यांचं काम सोपं होतंय. त्यापुढे एक मिनिट म्हणजे काय?"

मुद्दा बरोबर होता. म्हणून तर समिधाला तो जास्त झोंबला. मेल्याने मुद्दासुद्धा तिचाच उचलला होता.

"सर, एक विचारू?" ती अगदी गोड आवाजात म्हणाली. "डिझाइन पूर्ण तुमचंच ना?"

"म्हणजे काय! पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"कोणाची मदत वगैरे?"

"इथे मदत कोण करणार?" शेजारी बसलेल्या निकेतच्या पाठीवर थाप मारत तो म्हणाला. निकेत कसनुसा हसला.

"मग एवढंच सांगा. एकदा ओळखलेली गोष्ट आपण परत परत का ओळखतोय? सोसायटीचा वॉचमन रोजच्या कामवाल्या बाईकडून लिफ्टच्या दर फेरीला रजिस्टरवर सही घेतो का?"

स्वरूपने पडद्याकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे पाहिलं.

"ते... तसंच करावं लागतं. नाहीतर उत्तर चुकेल."

"नाही चुकत." समिधाच्या आवाजातला गोडवा संपला. "एकदा ओळखलं की लक्षात ठेवायचं. काही बदललं, तर त्याच्याशी ज्याचा संबंध आहे तेवढंच परत तपासायचं. त्यासाठी कंपायलर मेमरी तीन टक्के जास्त खातो. वेळेचं म्हणाल, तर मी हा लक्षात ठेवायचा भाग काल जोडून मोजलंय."

तिने दुसरा आकडा टाकला. आत्ता वापरात असलेल्या कंपायलरपेक्षाही चार टक्के जलद.

"आयला!" निकेतच्या तोंडून निघून गेलं.

"तीन टक्के मेमरी मी डोळे मिटून देईन," मॅडम पुढे झुकल्या. "हे तुला कालच सुचलं?"

"नाही मॅडम, दोन वर्षांपूर्वी. प्रस्ताव क्रमांक बेचाळीस, बंद केलेल्या यादीत आहे. सरांनाच उघडू दे."

स्वरूपने दोनदा आकडा चुकीचा टाकला. तिसऱ्यांदा पान उघडलं. वर समिधाचं नाव, दोन वर्षांपूर्वीची तारीख, आणि खाली तोच कोड. अर्ध्यापर्यंत ओळीला ओळ. स्वरूपचे कान लालबुंद झाले होते. ऐन वेळी आपल्याला याची दया येईल, अशी समिधाला धास्ती होती. छे! दयाबिया काही नाही. जिवाला नुसतं गार गार वाटलं, खोटं कशाला बोला.

"हे आपण नंतर बसून बोलू या का?" स्वरूप पुटपुटला.

"खाली तुमचा शेरा आहे, सर. बंद करताना लिहिलेला. मोठ्याने वाचा ना."

त्याने मॅडमकडे पाहिलं. त्यांनी मानेनेच सांगितलं, वाच.

स्वरूपने घसा खाकरला. "'पेणकरपाड्याच्या गल्लीतल्या कम्प्युटर क्लासमधलं काम दिसतंय. अर्ध्यातच कंटाळा आला.'" शेवटची ओळ त्याने मॅडमकडे न बघता वाचली. "'पुढचं वाचलेलं नाही.'"

समिधाने पाण्याची बाटली त्याच्यापुढे सरकवली.

"आता वाचा," ती म्हणाली. "पुढचं."