बासिलियाच्या घड्याळात बारा

बासिलिया गेल्याचं कळलं त्या दिवशी तिचं मनगटी घड्याळ घरीच होतं, स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर. बंद पडलं म्हणून तिने काढून ठेवलं होतं. "मी येईपर्यंत सेल टाकून ठेव," असं नवऱ्याला, इलारिओला, बजावून ती धाकट्या बहिणीकडे ओरुरोला गेली. तिथूनच त्या बहिणीचा, सिरिलाचा, फोन आला. रात्री झोपलेली बासिलिया सकाळी उठली नव्हती.

त्यानंतर घड्याळाला कुणी हात लावला नाही. मृतांचा सण उद्यावर आला, तेव्हा इलारिओने ते खिळ्यावरून काढलं.

उद्या दुपारी बाराला गेलेली माणसं घरी यायची आणि परवा बाराला परत निघायची. एल आल्तो शहरातल्या त्यांच्या गल्लीत बारा वाजल्याचं सांगायचं काम बासिलियाचं असे. चर्चची घंटा कधी वेळेवर वाजत नसे, आणि मोबाइलवर तिचा विश्वास नव्हता. शेजाऱ्यांच्या घरीसुद्धा तीच मनगट वर करून म्हणायची, "बारा झाले. जाऊ द्या आता त्यांना." आणि मग हसून, "मी गेले की मलाही याच घड्याळावर सोडा. वेळ सिरिलावर ठेवलीत तर ती मला जेवणावरून उठवेल."

त्यामुळे घरात दुसऱ्या घड्याळाचा विषयच निघाला नाही.

टेबलाच्या एका टोकाला सणासाठी आलेली सिरिला आणि इलारिओची मुलगी नेली गेलेल्यांसाठी पावाच्या बाहुल्या वळत होत्या. दुसऱ्या टोकाला इलारिओ भाजीची सुरी घेऊन बसला.

"दाजी, ते तुमच्या मिनीबसचं इंजिन नाही," सिरिला म्हणाली. "हातोडी देऊ का?"

"तू पीठ मळ."

घड्याळाच्या पाठीला कडेशी एक खाच होती. तिथे सुरीचं टोक घालून त्याने हलकेच उचकटलं. झाकण टणकन उडालं. जुना सेल काढून त्याने त्याच आकड्याचा नवा बसवला.

काटा हलला नाही.

"बोटाने धरलात ना?" नेली म्हणाली. "बोटाचं तेल लागतं, बाबा."

त्याने सेल काढला, कोरड्या फडक्याने पुसला, फडक्यातच धरून बसवला. तरीही काटा ढिम्म. नेलीने डोळे बारीक करून आत पाहिलं. सेलवरची पातळ पट्टी त्याला टेकतच नव्हती. तिने दात कोरायच्या काडीने ती जरा खाली वाकवली, आणि सेकंदकाटा चालू लागला.

मग झाकण बसेना. एका बाजूने दाबलं की दुसऱ्या बाजूने उचललं जायचं.

"आत रबराचं कडं होतं ना?" नेलीने विचारलं.

तिघांनी टेबल पालथं घातलं. कडं सापडलं ते एका पावाच्या बाहुलीच्या गळ्यात, कणकेत रुतलेलं.

"ताईला रबर खाऊ घालणार होतो," सिरिला म्हणाली आणि हसता हसता डोळे पुसू लागली.

कडं पुसून खोबणीत बसवलं. झाकणावर बाटलीचं बूच ठेवून इलारिओने दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. टक्. बसलं.

शेवटी वेळ लावायची होती. बाजूची बारीक चावी बाहेर ओढली की सेकंदकाटा जागीच थांबे. आत दाबली की चालू. त्याने ती ओढली, दाबली. पुन्हा ओढली, पुन्हा दाबली.

"मोडेल ना," नेली म्हणाली.

"बघतोय नुसतं."

दुसऱ्या दिवशी घड्याळात बारा वाजले आणि बासिलियासाठी टेबलावर मांडलेल्या शेंगदाण्याच्या सुपाच्या ताटलीवर एक माशी येऊन बसली. कुणी तिला हाकललं नाही.

"आलीस, ताई," सिरिला हळूच म्हणाली.

इलारिओने आपली खुर्ची टेबलाजवळ ओढली. संध्याकाळपर्यंत तो तिथेच होता. प्रार्थना म्हणायला शेजारी येत, पाव घेऊन जात. मध्ये कुणी नसलं की तो बोलायचा. छताचा पत्रा बदलल्याचं सांगितलं. काळी कुत्री व्याली, त्याचं सांगितलं. "आणि सेल टाकला बरं का," म्हणाला. "उशीर झाला जरा."

परत पाठवायच्या दिवशी ऊन कडक होतं. नेलीने टोपल्या आणून ठेवल्या. टेबलावर मांडलेलं सारं आवरून स्मशानात जायचं होतं. इलारिओ मुठीत घड्याळ धरून बसला होता.

"किती झाले, बाबा?"

"बाराला दहा कमी."

सिरिलाने सुपाचं भांडं झाकलं, मग पुन्हा उघडलं. शेजारच्या घरातून निरोपाचं गाणं ऐकू येऊ लागलं आणि थोड्या वेळाने थांबलं. तिथली माणसं टोपल्या घेऊन बाहेर पडली.

"आता किती?"

"बाराला दहा कमी."

नेली वाकली. त्याच्या अंगठ्याआडून तबकडी अर्धीच दिसत होती. "काटा हलत नाहीये. ती पट्टी पुन्हा वर आली असणार."

"असेल."

"माझ्या मोबाइलवर तर केव्हाच..." सिरिला म्हणाली.

"तुझ्यावर ठेवू नका म्हणाली होती ती."

सिरिला टोपली बाजूला सारून खाली बसली. "खरं आहे. ताईने ऐकून घेतलं नसतं."

"उघडून बघा ना एकदा," नेली म्हणाली.

"बघतो. सुरी आण." इलारिओने आपली खुर्ची टेबलाच्या आणखी जवळ घेतली. "घाई करू नका. बारा वाजल्याशिवाय ती उठायची नाही."

नेली सुरी आणायला आत गेली. सिरिलाने विझत आलेली मेणबत्ती बदलली. माशी पावाच्या बाहुलीवर बसली होती.

घड्याळात बिघाड काहीच नव्हता. बाराला दहा कमी असताना इलारिओने बाहेर ओढलेली चावी तेवढी आत दाबायची राहिली होती.